चाकणची नोकरी सोडून लाकडी घाणा टाकायचा विचार आहे. आधी स्वतःची काय तयारी करावी?

गुणवत्तावाला

नमस्कार मंडळी. वय ३७, राहायला राजगुरुनगर. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत बारा वर्षं क्वालिटीला आहे. काम म्हणजे दिवसभर नगाला गेज लावायचा आणि पास की नापास सांगायचं. पगार हातात ३८,००० येतो. बायको एका खासगी शाळेत शिकवते, तिला ११,००० मिळतात. दोन मुली. घरखर्च २७,०००, फ्लॅटचा हप्ता १४,५००. शिल्लक सहा लाख.

लाकडी घाण्याचं तेल काढून विकायचं गेलं वर्षभर डोक्यात घोळतंय. वडिलांची स्टँडजवळ दहा बाय बाराची खोली आहे, त्यामुळे भाड्याचा प्रश्न नाही. घाणा, गाळणी, टाकी, काटा, वायरिंग, बाटल्या धरून ३ लाख ७० हजारांचं कोटेशन आलंय. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरं एवढं काढायचं ठरवलंय.

मशीनचे व्हिडिओ एवढे पाहिलेत की आता मोबाईल दुसरं काही दाखवतच नाही. पण मशीन घेतल्यावर मी नेमका कुठे अडकेन हे कुठल्याच व्हिडिओत कळत नाही. म्हणून विचारतोय, शटर उघडायच्या आधी माणसाने स्वतःची तयारी काय करावी? नोकरी आधी सोडावी की नंतर? कर्ज घ्यावं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. "आत्मविश्वास ठेवा" असं कृपया कोणी लिहू नका, ते ऑफिसच्या भिंतीवर रोज वाचतो.

---

कागदपत्र_काका

कर्ज घ्यायचा विचार असेल तर मशीनची ऑर्डर आजच देऊ नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम म्हणजे पीएमईजीपी फक्त नव्या उद्योगाला मिळतो. आधी धंदा सुरू करून मग अर्ज केलात तर दार बंद. ग्रामीण भागात खुल्या गटातल्या पुरुषाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे १० टक्के घालायचे. महिलेच्या नावाने अर्ज असेल तर अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचे ५ टक्के. शहरी भागात अनुदान १० टक्क्यांनी कमी. तुमची जागा कशात मोडते ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

लोकांचा एक गैरसमज असतो तो आधीच काढून टाकतो. अनुदान रोख हातात मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या कर्जासमोर अडकवून ठेवतात आणि धंदा चालू आहे हे पाहून मग कर्जखात्यात वळतं करतात.

एवढ्या छोट्या रकमेला मुद्रा कर्जही चालेल. ५०,००० पर्यंत शिशु गट, ५ लाखांपर्यंत किशोर गट. तारण लागत नाही, पण बँकेच्या चकरा लागतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन होते आणि ती फुकट आहे. त्यासाठी हजार-दीड हजार मागणाऱ्या साइट्स सरकारी नसतात. अन्नपदार्थ असल्यामुळे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी हवीच. खाद्यतेल सुटं विकायला बंदी आहे, तेव्हा "डबा घेऊन या, भरून देतो" हे डोक्यातून काढा. सीलबंद, लेबल लावलेलं. काट्यावर वैधमापन म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या खात्याचा शिक्का.

---

बंद_शटर

मी पिंपरीत घाणा टाकला होता, चौदा महिन्यांत बंद केला. आता परत नोकरी करतोय, त्यामुळे गोड बोलायची गरज नाही.

तुमचाच हिशोब करून दाखवतो. घरखर्च आणि हप्ता मिळून ४१,५००. वहिनींचे ११,००० वजा केले की महिन्याला ३०,५०० चं भोक. सहा लाखांतून ३ लाख ७० हजार मशीनला गेले, उरले २ लाख ३०. भागाकार करा. साडेसात महिने. साडेसाती निदान साडेसात वर्षांनी संपते, हे त्याच्या आधी संपतं. आणि यात अजून शेंगदाण्याचं एक पोतंही विकत घेतलेलं नाही.

नोकरी सोडायच्या आधी तीन गोष्टी करा, या मला कोणी सांगितल्या नाहीत. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो. मी राजीनामा दिला आणि दोन महिन्यांत वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. घाण्यासाठी ठेवलेले पैसे तिकडे गेले. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढा, कारण जुन्या आजारांना सुरुवातीची काही वर्षं संरक्षण नसतं, ती वर्षं पगार चालू असताना मोजू देत. दुसरं, बँकेकडून जे काही घ्यायचं ते सॅलरी स्लिप हातात असताना घ्या. नंतर तोच मॅनेजर दोन वर्षांचे रिटर्न मागतो. तिसरं, ग्रॅच्युइटी. बारा वर्षं झालीत तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार धरून ती तुमच्या हक्काची आहे. मूळ पगार १६,००० असेल तर लाखाच्या वर जाते. पगार हातात ३८,००० येत असला तरी ग्रॅच्युइटी त्या पूर्ण आकड्यावर नसते, स्लिपवर मूळ पगार आणि महागाई भत्ता किती ते बघा.

आमच्या तीन किलोमीटरमध्ये पाच घाणे झाले होते. पाचही जण एकमेकांच्या दुकानासमोरून जाताना आत किती गिऱ्हाईक आहे ते मोजायचे. माझा घाणा अजून गोडाऊनला पडून आहे, हवा असेल तर सांगा, हाहा. खरंच सांगा.

---

बार्शीची_घाणेवाली

दादा, मी बार्शीत २०१९ पासून घाणा चालवते. त्याआधी एका पतसंस्थेत बारा वर्षं क्लार्क होते. तुमची बारा, माझी बारा, म्हणून लिहायला बसले. लांबेल, चहा घेऊन वाचा.

वरच्या दोघांनी लिहिलंय ते बरोबर आहे, ते परत सांगत नाही. फक्त काकांच्या ३५ टक्क्यांवर एक. वहिनींच्या नावावर घ्यायचं असेल तर वहिनींना खरंच त्यात यायचंय का ते आधी विचारा. सही तिची, कर्ज तिच्या नावावर, आणि गल्ल्यावर तुम्ही, असं असेल तर घरात जे होतं ते मी पतसंस्थेच्या काउंटरवरून बघितलेलं आहे.

आता घाण्याचं. कागदावर हा धंदा इतका गोड दिसतो की विचारू नका. मीच तुम्हाला मांडून दाखवते. १०० किलो शेंगदाणे ११२ च्या भावाने ११,२०० रुपये. तेल निघतं साधारण ४० किलो. लिटर म्हणजे ९१० ग्रॅम धरायचं, किलो नाही, यात नवी माणसं पहिल्याच महिन्यात फसतात. तर ४४ लिटर झालं. ३२० ने १४,०८०. पेंड ५७ किलोच्या आसपास, ३६ ने २,०५२. आमची पेंड म्हशीवाले रांगेने नेतात, घाण्याच्या पेंडीत तेल राहतं म्हणून. बाटल्या-लेबलचे ५७२, पोऱ्याची हजेरी ४५०, वीज दीडशे. सगळं वजा जाता ३,७६० उरतात. एका दिवसात! हा आकडा मी माझ्या मिस्टरांना पाटीवर लिहून दाखवला होता. ते म्हणाले, मग पतसंस्थेत काय करतेस?

पहिल्या महिन्यात माझं तेल किती खपलं सांगू? ६१ लिटर. दिवसाला नाही, महिन्याला.

चौघांच्या घरात महिन्याला तीन-चार लिटर तेल लागतं. त्यातलं तळणाला बाजारातलं वापरतात, कारण ३२० च्या तेलात भजी तळायला बाईचा जीव होत नाही. म्हणजे एका घरामागे तुमच्या वाट्याला दोन-अडीच, फार तर तीन लिटर. रोजचे ४४ लिटर खपवायचे तर निदान चारशे घरं पाहिजेत, आणि तीसुद्धा परत परत येणारी. माझ्याकडे आज, इतक्या वर्षांनी, २४० घरं आहेत. मी रोज घाणा चालवत नाही. आठवड्यातून तीन दिवस चालवते आणि बाकीचे दिवस विकते. हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत, कारण व्हिडिओ मशीनवाल्याचा असतो.

भांडवलाचंही तसंच आहे. घाण्याला लागतो त्याहून जास्त पैसा पोत्यांना लागतो. करडई आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चला निघते. तेव्हा घेतली तर परवडते. दिवाळीपर्यंत थांबलात तर व्यापारी सांगेल तो भाव. म्हणजे मार्चमध्ये वर्षाची करडई भरायला रोख पाहिजे, आणि मार्चमध्येच मुलांच्या फिया असतात. करडईचं तेलही कमी निघतं, माझं शेकडा २५-२७ किलोच्या वर कधी गेलं नाही. चार प्रकार एकदम काढू नका. शेंगदाणा आणि करडई बस. खोबरं आणि तीळ पहिल्या वर्षी मी हौसेने काढलं आणि पावसाळ्यात खवट झालेलं निम्मं घरच्या दिव्यांना जाळलं. देव प्रसन्न झाले असतील, गिऱ्हाईक नाही झालं.

शेंगदाणे स्वतः निवडायला शिका. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि पोटात काळा, बुरशी धरलेला, हे होतंच. बुरशीचा दाणा घाण्यात जाता कामा नये, त्याचं विष साधं नसतं. पोत्याच्या मधोमध हात घालून मूठभर काढायचे आणि दाताखाली धरायचे. कडू लागला की पोतं परत. तुम्ही क्वालिटीचे आहात, हे तुम्हाला माझ्याहून बरं जमेल.

पण तुम्ही "स्वतःची तयारी" विचारलीत. तर माझी जी झाली नव्हती ती सांगते.

मला पैसे मागता यायचे नाहीत. पतसंस्थेत बारा वर्षं मी थकबाकीच्या नोटिसा टाईप केल्या. "सात दिवसांत रक्कम न भरल्यास आपणांविरुद्ध" वगैरे, झोपेत टाईप केलं असतं. पण समोर ओळखीची बाई, हातात माझी बाटली, आणि तोंडातून "३२० झाले" एवढं निघेना. "राहू द्या हो, नंतर द्या" हे तिच्या आधी मीच म्हणायचे. पहिल्या तीन महिन्यांत नणंद, जावेची बहीण, शाळेतल्या बाई, वरच्या मजल्यावरचे सर, सगळ्यांना "चव बघा" म्हणून दिलं. जूनमध्ये वही काढली तर उधारी १८,४०० रुपये. त्यात काही माणसं अशी की उधारीमुळे दुकानाच्या दारावरूनच जायची बंद झाली. म्हणजे तेल गेलं, पैसे गेले, आणि गिऱ्हाईकही गेलं.

माझा मुलगा तेव्हा नववीत. त्याने यावर उपाय काढला. रोज संध्याकाळी तो गिऱ्हाईक व्हायचा आणि मी दुकानदार. तो पदर घेतल्यासारखा टॉवेल घ्यायचा आणि म्हणायचा, "अगंबाई, पर्सच विसरले बघा." आणि मी म्हणायचं, "असू दे की. बाटलीवर तुमचं नाव घालून बाजूला ठेवते, पैसे घेऊन याल तेव्हा न्या." एवढंच वाक्य. पहिले तीन दिवस मी हसायचेच. चौथ्या दिवशी न हसता म्हणाले. मग तो पुढचं पुढचं काढायचा. "बाहेर दीडशेला मिळतं की." "माझ्या भावाचा पण घाणा आहे." "ओळखीत काय हिशोब करता?" या शेवटच्याला मला आठवडा लागला. आता मी म्हणते, "ओळख आहे म्हणून चांगलं तेल देते, बिनओळखीच्याला पण तेच देते, भाव पण तोच." हे वाक्य रागाने म्हटलं तर भांडण होतं, आणि मान खाली घालून म्हटलं तर समोरची घासाघीस करते. घाण्यावरचं सगळं काम मी महिन्यात शिकले, याला वर्ष गेलं.

म्हणून माझं ऐकाल तर घाणा घेऊ नका. म्हणजे अजून तीन महिने घेऊ नका. आधी दुसऱ्याच्या घाण्याचं सीलबंद तेल, त्याच्याच लेबलचं, वीस लिटर घाऊक भावात आणा. नुसतं विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती काढा. मी काढली तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये होते. नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवार विका. रोख. लिटरमागे वीस-तीस रुपये सुटतील, त्याकडे बघू नका. वहीत दोनच रकाने ठेवा, पहिल्यांदा कोण आलं आणि दुसऱ्यांदा कोण आलं. पहिल्यांदा लोक तुमच्या तोंडाकडे बघून घेतात. दुसरा रकाना भरतो का ते बघा.

आणि एक राहिलंच. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन दहा पावलं चालून बघा. मी ते मशीन आल्यावर बघितलं.

---

बंद_शटर

ताई, तुम्ही चार वर्षांपूर्वी कुठे होतात.

माझी उधारी २६,००० वर थांबली. अजून दोन घरांकडे लग्नाला जातो, आहेर करतो आणि त्यांच्याकडेच माझे पैसे आहेत.

दादा, कंपनीत तेल विकणार असाल तर आधी नेमणुकीचं पत्र काढून वाचा. नोकरी करताना दुसरा धंदा करायचा नाही असं कलम असतं बऱ्याचदा. एचआरला विचारून ठेवा, नाहीतर ग्रॅच्युइटीच्या वेळेला फाटे फुटतात.

---

गुणवत्तावाला

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "तुला भाजीवालीकडून सुटे परत मागता येत नाहीत." हे खरं आहे. माझा प्रश्न तिथेच होता आणि मी मशीनचे व्हिडिओ बघत होतो.

पत्र काढून वाचलं. कलम आहे. साहेबांशी बोललो, "आवारात नको, बाहेर काय करायचं ते कर" म्हणाले. तसं लेखी द्या म्हटलं तर हसले. मेल टाकून ठेवलाय.

मशीनवाल्याला थांबायला सांगितलं तर त्याने भाव १५,००० ने कमी केला. तरी थांबलोय. नोंदणी हातात आली की पहिलं तेल आणतो.

---

गुणवत्तावाला (पाच आठवड्यांनी)

कोणी वाचत असेल तर खबर देतो. नोंदणी झाली. मंचरकडच्या एका घाण्यावरून वीस लिटर शेंगदाणा तेल आणलं. दोन शनिवार-रविवार सोसायटीच्या गेटजवळ टेबल टाकलं. चौदा बाटल्या गेल्या, तेरा रोख.

पहिल्या दिवशी दोन तास कोणी आलंच नाही आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. कोणी आलं नाही म्हणजे भाव सांगायची वेळ आली नाही. मग मोठी मुलगी खाली आली, टेबलाशेजारी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगायला लागली, "काका, तीनशे वीस!" तिला काहीच वाटत नव्हतं. अर्ध्या तासात चार गेल्या.

दुसऱ्या मजल्यावरचे देशपांडेकाका म्हणाले, दोन ठेव, पगार झाला की देतो. मी टेबलाकडे बघत ते वाक्य म्हटलं, नाव घालून बाजूला ठेवतो वगैरे. आवाज चिरका आला. काकांनी माझ्याकडे बघितलं, मोबाईल काढला आणि स्कॅन केलं. एवढंच झालं. मी आठवडाभर त्याची उजळणी करत होतो आणि ते चार सेकंदांत संपलं.

चौदावी बाटली मेहुणीने नेली. तिला नाही म्हणता आलं. वहीच्या दुसऱ्या रकान्यात आजपर्यंत दोन नावं आहेत. सहा बाटल्या उरल्यात, गॅलरीत ठेवल्यात.

---

बार्शीची_घाणेवाली

गॅलरीत कशाला ठेवल्या? ऊन लागून महिन्यात वास धरेल. आजच आत घ्या, पलंगाखाली अंधारात.

दोन नावं म्हणजे वाईट नाही, माझी पहिल्या महिन्यात तीन होती आणि त्यातली एक माझी आई. मेहुणीला पुढच्या वेळी मुलीकडून भाव सांगायला लावा.